घड्याळ कोणी पाडलं

आत्या,

तू गेलीस हे ज्यांनी मला कळवलं, त्यांनाच मी आधी खोटं ठरवलं. हे तुला सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही, म्हणून आधी तेच.

सकाळचे अकरा वाजले होते आणि मी गुरुग्रामच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. अनोळखी नंबरावरून मेसेज आला : तुमच्या आत्याची तब्येत फार बिघडली आहे, ताबडतोब या नंबरावर फोन करा. आता माझं काम तुला माहीत आहे. कंपनीतल्या लोकांना असल्या मेसेजांपासून सावध करायचं, यासाठीच मला पगार मिळतो. अनोळखी नंबर, घरच्या माणसाचं नाव, वर घाई. तिन्ही खुणा जुळत होत्या. मी शांतपणे तो नंबर ब्लॉक केला आणि समोरच्या सहकाऱ्याला म्हणालो, "बघ यार, आता आत्यापर्यंत पोचले हे लोक."

वीस मिनिटांनी दुसऱ्या नंबरावरून फोन आला. तुझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या चावला आंटी. रडत होत्या. "बेटा, दीदी नहीं रहीं." मी काय विचारलं असेल? मी म्हणालो, "आंटी, आत्या के दरवाज़े पर क्या लगा है?" त्यांचं रडणं थांबलं. मग त्या म्हणाल्या, "ये क्या पूछ रहा है तू? गणपती है, और नीचे घंटी है जो बजती नहीं."

ती घंटी वाजत नाही हे तुझ्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यालाच ठाऊक. तेव्हा कुठे मी खुर्चीत बसलो.

चावला आंटींनी मला लवकर माफ केलं नाही. तेराव्याला सगळ्यांना चहाबरोबर बिस्किटं दिली, मला नुसता चहा. तू असतीस तर खूश झाली असतीस. म्हणाली असतीस, "अच्छा, म्हणजे एक तरी विद्यार्थी पास झाला."

कारण प्रश्न विचारायची ही रीत आपली होती. सुरुवात मी केली आणि तू ती पार टोकाला नेलीस. तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात तुला हयातीचा दाखला ऑनलाइन भरायचा होता. तू मयूर विहारला, मी गुरुग्रामला; एका कामासाठी जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडायचा. मी म्हटलं, स्क्रीन शेअर करू, मी इथून बघतो आणि सांगतो. तू म्हणालीस, "मी जिवंत आहे हे सरकारला पटवायला आधी तुला घरात घ्यायचं?" त्या दिवशी मी तुला मोठं व्याख्यान दिलं. स्क्रीनवर येणारे हे नऊ आकडे मिळाले की समोरचा तुझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, ते कुणाला सांगायचे नाहीत. माझा आवाज आला म्हणून मी आहे असं समजायचं नाही, आता आवाजसुद्धा नकली करतात. आधी मला असं काहीतरी विचार, जे फक्त आपल्या दोघांनाच माहीत असेल. बरोबर उत्तर आलं तरच आकडे.

पहाडगंजच्या शाळेत तू पस्तीस वर्षं शिकवलंस, आणि त्यातली निम्मी तरी परीक्षेच्या वर्गात मुलांच्या बाह्या, बूट आणि कंपासपेट्या तपासण्यात घालवलीस. तुला असलं काही सांगावं लागत नाही. तू वहीच घातलीस. कोणत्या तारखेला कोणता प्रश्न विचारला, उत्तर काय आलं, सगळं त्यात. "तुझ्या मुंजीत कोण रुसून बसलं होतं?" "आपल्या क्वार्टरचा नंबर काय होता?" "तुझ्या आईला कोणत्या भाजीचा वास सहन होत नाही?" तुला फक्त फोटो जोडायचा असायचा, पण त्याआधी माझी तोंडी परीक्षा व्हायची. मी ऑफिसात कोपरा गाठून कुजबुजत उत्तर द्यायचो : "नाना काका. शेपू." आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायचे.

आणि दर चार-पाच वेळांनी तो प्रश्न यायचाच. "घड्याळ कोणी पाडलं?"

मी म्हणायचो, "मांजरानं."

तू म्हणायचीस, "बरोबर. तूच आहेस. लिहून घे आकडे."

तिसरीचं ते एक वर्ष मी तुझ्याकडे होतो. धाकट्याच्या वेळी आईची तब्येत बरी नव्हती म्हणून मला दिल्लीला धाडलं होतं. सरोजिनी नगरचं ते दोन खोल्यांचं क्वार्टर, मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या तारा, आणि त्यांच्याखाली लोळणारी ती करडी मांजर. तू तिला सकाळी बशीत दूध ठेवायचीस आणि काकांना सांगायचीस की दूध नासलं. रेडिओवर किल्लीचं घड्याळ असायचं. लग्नानंतर तू दिल्लीला निघालीस तेव्हा आजोबांनी दिलेलं. मला त्याची किल्ली पूर्ण फिरवून बघायची होती. शेवटपर्यंत फिरवली, तर काय होतं ते.

काकांनी विचारलं तेव्हा मी अंगणाकडे बोट दाखवलं. मी काही बोललोसुद्धा नाही, नुसतं बोट दाखवलं. रविवारी काकांनी मांजरीला कापडी पिशवीत घातलं आणि बसनं दूर कुठेतरी सोडून आले. तू काही दिवस बशी बाहेर ठेवत होतीस. मग तीही उचललीस. मला तू तेव्हा एका शब्दानं विचारलं नाहीस. विचारलंस ते थेट तीस वर्षांनी, स्क्रीन शेअर करायच्या निमित्तानं, आणि मी मोठा झालेला माणूस, दोन मुलांचा बाप, तरी म्हणालो, "मांजरानं." तू हसलीस. मीही हसलो. माझं खोटं हीच माझी ओळख ठरली, आणि मला त्यात गंमत वाटत राहिली.

आपल्या त्या बैठका आठवतात. कॅमेऱ्यावर तू लाल टिकली चिकटवली होतीस, तीही तुझ्याच पाकिटातली. "मी पातळ नेसलेय की गाऊनवर आहे हे जगाला कशाला दिसायला हवं?" स्क्रीनवर बाण हलला की तू दचकायचीस. "हा तू हलवतोयस की मी?" मी हलवतोय म्हटलं की, "मग सांगून हलव. कुणाच्या घरात शिरल्यावर आधी आवाज द्यावा." मी फाईल उघडून द्यायला गेलो की तू माझ्या बाणाला तुझ्या बाणानं ढकलायचीस. ते शक्य नसतं, मी तुला सांगितलं होतं. तरी तू ढकलायचीस.

मग गेल्या दिवाळीनंतर माझ्या मनात पाल चुकचुकली. तुझ्या स्क्रीनच्या खाली मला एक दुसरंच चिन्ह दिसलं. स्क्रीन शेअर करायचं, पण आपण वापरतो ते नव्हे. वेगळ्या कंपनीचं. मी विचारलं, "हे कुणी घातलं?" तू खिडकी बंद केलीस आणि म्हणालीस, "ते राहू दे." पुढच्या वेळी पुन्हा विचारलं. "तुला काय करायचंय? माझं काम आहे." तिसऱ्यांदा तू चक्क विषय बदलून मला ताप आलाय का विचारलंस.

आत्या, तुला कल्पना नाही मला काय काय दिसायला लागलं. माझ्या ऑफिसात अशी प्रकरणं रोज येतात. एकटी राहणारी वयस्क बाई, तिच्या मशीनमध्ये एक जादा प्रोग्राम, आणि पलीकडे गोड बोलणारा कोणीतरी, जो तिला बजावतो की घरच्यांना सांगू नका. तू मला सांगत नव्हतीस. म्हणजे तुला कुणीतरी तसं बजावलेलं होतं. माझ्या डोक्यात तो माणूस पक्का तयार झाला. त्याचा आवाजसुद्धा मला ऐकू यायचा. तुला नीट विचारावं, समोर येऊन बसावं, हे मला सुचलं नाही. मयूर विहार लांब पडायचं ना.

संक्रांतीला तू मंडळाच्या बसनं पानिपतला गेलीस. दर वर्षी जायचीस, काला अंबच्या युद्धस्मारकापुढे डोकं टेकवायचं, येताना लोणचं घ्यायचं. तू कॉम्प्युटर चालूच ठेवायचीस हे मला माहीत होतं. आणि आपल्या प्रोग्राममध्ये, तुला न विचारता आत येता येईल अशी सोय मी पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. 'अडीनडीला' म्हणून. दुपारी दोन वाजता, ऑफिसातल्या माझ्या जागेवर बसून, मी तुझ्या घरात शिरलो. आवाज दिला नाही.

त्या दुसऱ्या प्रोग्रामच्या नोंदी बघितल्या. दर बुधवारी, चार वाजता, तासभर, एकच नंबर. घड्याळ लावून येणारा चोर! मी तो प्रोग्राम काढून टाकला, कचरापेटी रिकामी केली, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखा चहा प्यायला गेलो. तुला वाचवलं या आनंदात मी त्या दिवशी समोसाही खाल्ला.

दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी तुझा फोन.

"विज्या, माझ्या कॉम्प्युटरवरचं एक चिन्ह गेलंय."

मी म्हणालो, "अपडेट आलं असेल आत्या. अपडेटमध्ये उडतं कधी कधी."

तू वहीचं पान उलटलंस. मग म्हणालीस, "म्हणजे पुन्हा मांजरच."

नोंदी कुठे बघायच्या हे मीच तुला शिकवलं होतं. तू त्या बघितल्या होत्यास. तारीख, वेळ दोन वाजून दहा मिनिटं, आणि माझं नाव. तुझ्या वहीत तू ते लिहूनही ठेवलं होतंस.

तो चोर म्हणजे कमलताई होत्या. तुझ्या शाळेतल्या, निवृत्तीनंतर नागपूरला गेलेल्या. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली. नात कॅनडातून दर आठवड्याला लांबलचक मेल लिहिते. शेजारणीला घरची पत्रं वाचायला देणं त्यांना नको होतं. म्हणून तू इथून त्यांच्या स्क्रीनवर जायचीस, मेल उघडायचीस, आणि फोनवर मोठ्यांदा वाचून दाखवायचीस. त्या सांगतील ते उत्तर टाइप करायचीस. मी तुला शिकवलेलं सगळं, प्रश्न विचारण्यासकट, तू त्यांना शिकवलं होतंस. आदल्या दिवशी, बुधवारी, त्या चार ते सहा कॉम्प्युटरपुढे बसून राहिल्या.

"आणि मला तिला सांगावं लागलं," तू म्हणालीस, "की माझ्याच भाच्यानं काढून टाकलं."

मी माफी मागायला हवी होती. मी भांडलो. म्हणालो, तू सांगितलं का नाहीस? तू म्हणालीस, "तिनं कुणाला सांगू नको म्हटलं होतं. नजर गेलीय हे तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं." म्हणजे बजावणारं कुणीतरी होतंच, फक्त माझ्या डोक्यातला तो माणूस नव्हता. मग मला दुसरंच सुचलं आणि मी आणखी चिडलो. "तुला दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येतो. मग मला फोन कशाला करायचीस? फोटो कसा जोडू, फाईल कुठे गेली?"

"तुझी परीक्षा घ्यायला," तू म्हणालीस, आणि फोन ठेवलास.

त्यानंतर तू मला आकडे दिले नाहीस. आत यायची माझी ती सोय तू काढून टाकलीस, हे मी मुद्दाम तपासून बघितलं. हो, पुन्हा तपासलं. तीन महिने आपण फोनवर बोललो ते असं : जेवलास का, हो, मुलं बरी आहेत का, हो, गरमी सुरू झाली, बिल्कुल. माझ्यासाठी आणलेली लोणच्याची बरणी घरी पडून आहे असं तू एकदाच म्हणालीस. घेऊन जा म्हणाली नाहीस. मीही येतो म्हणालो नाही. मला वाटायचं, आत्या आहे, रुसलीय, होळीपर्यंत उतरेल राग. होळी गेली. मग एप्रिलात चावला आंटींचा फोन आला, आणि मी त्यांना दारावरची घंटी विचारली.

मला तुझा राग येतो, हेही लिहून ठेवतो. तुला सगळं येत होतं आणि तू मला तीन वर्षं 'बाण कुठे गेला' म्हणून बोलावत राहिलीस. सरळ म्हणायचं होतंस ना, की विज्या, मला तुझ्याशी बोलायचंय. पण तू तशी नव्हतीस आणि मी तसा नाही. सरळ विचारलं असतंस तर, आत्याला काय हवंय नेमकं, असा संशय मला आलाच असता.

काल तेरावं आटपल्यावर सगळे गेले, मी एकटाच तुझ्या घरी थांबलो. बुधवार होता. चार वाजता तुझा मोबाइल वाजला. कमलताई. त्यांना बातमी कळली होती, तरी हात नंबराकडे गेला म्हणाल्या. दोन आठवड्यांची पत्रं न वाचता पडली आहेत. मी म्हणालो, मी वाचून दाखवतो. त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी विजय. त्यांचा भाचा."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "मग राहू द्या." आणि फोन बंद झाला.

त्यांचं चुकलंय असं म्हणता येईना. मी तुझ्या टेबलाशी बसलो. त्यांच्या कॉम्प्युटरशी फक्त तुझ्याच मशीनवरून जोडता येईल असं तू लावून ठेवलं होतंस. बाहेरच्याला तिथं प्रवेश नाही. कॅमेऱ्यावर टिकली तशीच होती. बटण दाबलं तर पासवर्ड मागितला. मी लावून दिलेला घातला. चुकीचा. तू बदलला होतास. खाली तुझी सूचना उमटली, पासवर्ड विसरणाऱ्यासाठी लिहून ठेवतात ती, इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत : घड्याळ कोणी पाडलं?

आत्या, हा प्रश्न तू कुणासाठी लिहिला होतास? चावला आंटींना त्याचं उत्तर येणार नव्हतं. कमलताईंना दिसणार नव्हता. मला कधी तरी इथे येऊन बसावं लागेल हे धरूनच तू तो लिहिला होतास.

मी 'मांजर' लिहिलं. नाही. 'मांजरानं' लिहिलं. नाही. माझं नाव लिहिलं, तू हाक मारायचीस तसं आणि कागदोपत्री आहे तसं. नाही. पुन्हा चुकलं तर कुलूप पडेल की काय या भीतीनं मी हात मागे घेतला. बराच वेळ बसलो. अंगणाकडे दाखवलेलं ते बोट मला दिसत होतं. काका पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होते, आणि तू दारात उभी होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. तू तेव्हाच ओळखलं होतंस. मग मी दोनच अक्षरं दाबली : एम, आय.

मी.

उघडलं. आठ अक्षरं तरी हवीत, मधे आकडा हवा, असं मी तुला किती वेळा बजावलं होतं. माझ्या अख्ख्या नोकरीत इतका कच्चा पासवर्ड मी पाहिला नाही, आणि मला तो तीस वर्षांत ओलांडता आला नव्हता. मी तिथं बसून रडलो. चावला आंटींना आवाज गेला असावा, कारण त्यांनी दार वाजवलं, पण आत आल्या नाहीत. दाराबाहेर बिस्किटांची बशी ठेवून गेल्या.

तो दुसरा प्रोग्राम तू परत घातला होतास. त्यात एकच नाव होतं. मी कमलताईंना फोन लावला.

"पुन्हा तुम्हीच?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तेच कशावरून? तिनं मला सांगून ठेवलंय, विचारल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही."

"विचारा," मी म्हणालो.

त्यांनी काय विचारलं हे तुला सांगायला नकोच. पण या वेळी माझं उत्तर बदललं होतं, आणि ते ऐकून त्या मला ओळखतील की परका समजून फोन ठेवतील, हे मला माहीत नव्हतं.

"घड्याळ मी पाडलं," मी म्हणालो.

पलीकडे भिंग टेबलावर सरकवल्यासारखा आवाज झाला, आणि एकेक आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचावा तसं त्या सावकाश म्हणाल्या, "घ्या लिहून. चार. शून्य. सात."